जुन्या टीव्हीवर केबलचे जास्त चॅनल कसे आणायचे?

अबोली_सांगली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आईकडे सांगलीला २१ इंची, मागे ढेरी असलेला रंगीत टीव्ही आहे. चित्र अजून झकास, आवाज खणखणीत. केबलचा सेट-टॉप बॉक्सही आहे. पण शेजारच्या काकूंकडे त्याच केबलवाल्याची लाइन असून त्यांना मराठी सिनेमाचे चॅनल, क्रिकेट, भजन-कीर्तन सगळं दिसतं. आईकडे त्यातलं निम्मंही नाही.

केबलवाल्या पोराला विचारलं तर म्हणाला, "काकू, टीव्ही जुना झाला. यात एवढेच चॅनल बसतात. एलईडी घ्या, मग सगळे येतील." आई म्हणते, चालता टीव्ही भंगारात घालणार नाही. रिमोटवरून ऑटो सर्च लावून पाहिला, तर सगळीकडे मुंग्या.

खरंच टीव्हीत चॅनल "बसायची" मर्यादा असते का? असली तर त्यावर काही इलाज?

रिकामटेकडा

घ्या हो नवीन. आईला सांगा वीज कमी लागते. (तेवढं तरी खरं आहे.)

सोल्डरगन

थांबा, लगेच खरेदीला पळू नका. हयात टीव्ही दुरुस्तीत गेली आहे म्हणून सांगतो, पोरगा थाप मारतोय. किंवा त्यालाही कुणीतरी तसंच सांगितलंय.

आधी एवढं बघून सांगा:

बॉक्समधून टीव्हीला काय जोडलंय? पिवळी-पांढरी-लाल पिन, की अँटेनाची जाड वायर?

जो चॅनल येत नाही त्याचा नंबर बॉक्सच्या रिमोटवर दाबला की नेमकं काय दिसतं? पैसे भरले नाहीत असा संदेश, चौकोन-चौकोन फुटलेलं चित्र, नुसता काळा पडदा, की नंबरच घेत नाही?

बॉक्स साधारण कधी बसवलाय?

आणि टीव्हीचा ऑटो सर्च आता विसरा. केबल डिजिटल झाल्यावर त्याला सापडण्यासारखं काही उरलेलं नाही, मुंग्याच येणार.

अबोली_सांगली

काका, पिवळी-पांढरी-लाल, टीव्हीच्या मागे. बॉक्स जुना आहे, सेट-टॉप बॉक्सची सक्ती झाली तेव्हाचाच.

आईला फोनवर बसवून एकेक नंबर दाबायला लावला. क्रीडा आणि सिनेमाच्या बऱ्याच चॅनलवर "सबस्क्राइब केलेला नाही" असं येतं. चार-पाच चॅनल फुटतात, आवाज तुटक येतो. दोन-तीन ठिकाणी पडदा काळा, संदेशही नाही.

सोल्डरगन

म्हणजे तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि एकाचाही टीव्हीशी संबंध नाही. जरा सविस्तर लिहितो, कारण ही "जुना टीव्ही" सबब गावोगाव चालते.

टीव्हीत चॅनल मावण्याची मर्यादा एके काळी खरोखर होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तेव्हाच्या संचांना कटाकटा फिरणारं बटण असायचं, त्यावर १२ पर्यंत आकडे. त्यातले २ ते ४ खालच्या पट्ट्यात, म्हणजे साधारण ४७ ते ६८ मेगाहर्ट्झ, आणि ५ ते १२ वरच्या पट्ट्यात, १७४ ते २३०. मधली जागा विमानं, पोलीस, एफएम रेडिओ अशांसाठी. हवेतून एखाददुसरंच केंद्र यायचं, त्यामुळे १२ आकडे म्हणजे चैन होती.

मग १९९१ ला स्टार आलं, ऑक्टोबर १९९२ ला झी. केबलवाल्यांकडे दाखवायला चॅनल जास्त आणि जुन्या संचात आकडे कमी. पण केबल बंद तारेतून जाते, तिला हवेतल्या विमानांशी देणंघेणं नाही. म्हणून त्यांनी त्या मधल्या मोकळ्या जागेतही चॅनल भरले. त्यांना एस-चॅनल म्हणत, एस-१ ते एस-२०, आणि त्याच्याही वर ३०० ते ४७० मेगाहर्ट्झमध्ये हायपरबँड. जुन्या बटणाच्या टीव्हीला ते दिसतच नसत. आठवतंय का, नव्वदच्या दशकात टीव्हीच्या जाहिरातीत "हायपरबँड ट्यूनर" असं ठळक छापायचे? ते याचसाठी. ज्यांच्याकडे जुना संच होता ते कन्व्हर्टर नावाचा डबा आणायचे. चॅनल डब्यावर बदलायचा, टीव्ही एकाच आकड्यावर ठेवायचा.

तेव्हा "जुना टीव्ही, कमी चॅनल" हे शंभर टक्के खरं होतं. पोरग्यानं बापाकडून ऐकलेलं वाक्य तसंच पुढे चालवलंय.

आता केबलमधला चॅनल शोधणं, कुलूप उघडणं, चित्र तयार करणं हे सगळं काम सेट-टॉप बॉक्सचं. टीव्हीला पिवळ्या पिनेतून तयार चित्र आणि पांढऱ्या-लालमधून आवाज मिळतो. चॅनल पाच असोत की पाचशे, टीव्हीला त्याचा पत्ताही नसतो. आईचा टीव्ही म्हणजे नळाखाली ठेवलेली बादली आहे, पाणी कुठल्या धरणाचं हे तिनं का बघावं?

तर दुखणी:

"सबस्क्राइब केलेला नाही" म्हणजे पॅकेज. याचं उत्तर धंद्यातल्या कुणीतरी द्यावं, मला भावातलं कळत नाही.

फुटणारं चित्र म्हणजे वायर. पुढच्या प्रतिसादात लिहितो, जेवायला हाक आली आहे.

काळा पडदा म्हणजे बहुतेक बॉक्सचं वय. सुरुवातीला वाटलेले बरेच बॉक्स एमपेग-२ चे होते (चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत; एमपेग-४ ही तिच्या नंतरची). केबल कंपनीने काही चॅनल नंतर एमपेग-४ वर नेले असतील किंवा ते एचडी असतील, तर जुन्या बॉक्सला ते वाचताच येत नाहीत. तिथे बॉक्स बदलावा लागतो, टीव्ही नाही.

रिकामटेकडा

माझा प्रतिसाद मागे घेतो. काका, जेवून या.

माजी_केबलवाला

नाशिक जिल्ह्यात बरीच वर्षं केबलचा धंदा केला, आता सोडला. पैशांचा भाग मी सांगतो.

मुंबईत डिजिटल केबलची सक्ती २०१२ च्या ऑक्टोबरअखेर झाली. पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर वगैरे मोठी शहरं ३१ मार्च २०१३ च्या टप्प्यात. बाकीची शहरं पुढच्या टप्प्यात आणि खेडी सर्वात शेवटी, २०१७ पर्यंत. तोवर एकच तार, सगळे चॅनल, महिन्याला ठरलेली रक्कम असा मामला होता. दर बॉक्समागे कुलूप आल्यावर "तुझ्याकडे काय दिसतं, माझ्याकडे काय दिसतं" सुरू झालं.

खरा बदल १ फेब्रुवारी २०१९ चा. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, नियम केला की आधी जोडणीचं भाडं द्यायचं, १३० रुपये अधिक १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्यात १०० साधे चॅनल. वर प्रत्येक पैशाच्या चॅनलची किंमत वेगळी. २०२० च्या बदलात त्याच १३० मध्ये २०० चॅनल झाले, दूरदर्शनचे सक्तीचे चॅनल वेगळे. जुलै २०२४ मध्ये १३० ची कमाल मर्यादाच काढून टाकली, त्यामुळे आता भाडं कंपनीगणिक वेगळं असू शकतं. बिल बघून बोला.

आता मुद्द्याचं. चॅनल दोन जातीचे, फुकट आणि पैशाचे. फुकट चॅनलला फक्त जागा लागते, किंमत नाही. पुष्कळ घरांत २०१९ ला घाईघाईत १०० चॅनलचा जो पॅक लावला गेला तोच अजून चालू आहे. भाडं पूर्ण जातंय आणि जागा रिकाम्या. अबोलीताई, आईच्या बॉक्सवर हेच झालं असणार. फुकट चॅनलची यादी मागा: बातम्या, भक्ती, जुनी गाणी, काही सिनेमाचे. पैसे न वाढवता चॅनल वाढतात. केबलवाला हे आपणहून सांगत नाही कारण त्याला त्यात काही सुटत नाही. मी तरी कुठे सांगायचो!

क्रिकेट आणि मोठ्या वाहिन्यांचे सिनेमा चॅनल मात्र पैशाचेच. तिथे मोठा हिंदी गठ्ठा घेऊ नका. आईला जे लागतं तेवढं सुटं घ्या किंवा मराठी गठ्ठा आणि वर क्रीडा. सुट्या चॅनलची एमआरपी बॉक्सवर तो चॅनल लावून "माहिती"चं बटण दाबलं की बहुतेक वेळा दिसते.

आणि एचडी घेऊच नका. एक एचडी चॅनल दोन साध्या चॅनलची जागा खातो, किंमतही जास्त, आणि पिवळ्या पिनेतून एचडी जातच नाही.

अबोली_सांगली

हे सोन्यासारखं! आईच्या बिलावर खरंच "बेसिक १००" असं काहीतरी आहे. केबलवाल्याने स्वतःहून बदललं नाही तर?

माजी_केबलवाला

बॉक्सच्या खाली किंवा मेनूत एक लांबलचक नंबर असतो, व्हीसी नंबर किंवा बॉक्सचा क्रमांक. तो लिहून घ्या. थेट कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा ग्राहकसेवेला तो देऊन पॅक बदलता येतो, गल्लीतल्या माणसाची परवानगी लागत नाही. तरी आधी त्यालाच सांगा. तार तुटली की रात्री शिडी घेऊन तोच येणार आहे.

पॅक बदलल्यावर बॉक्स चालू ठेवून "रिफ्रेश मारा" म्हणायचं. बॉक्स बंद असला तर तो संदेश पोचत नाही आणि लोक म्हणतात पैसे भरले तरी चॅनल नाही.

सोल्डरगन

जेवण झालं. आता फुटणारे चॅनल.

ते चार-पाच चॅनल कुठले ते लिहून काढा. डिजिटल केबलमध्ये आठ मेगाहर्ट्झच्या एका वाहकावर, म्हणजे पूर्वी एकच चॅनल जायचा तेवढ्या जागेत, दहा-पंधरा चॅनल एकत्र बांधलेले असतात. वायरीत गडबड असली की त्या गठ्ठ्यातले सगळे एकदम फुटतात आणि बाकीचे स्वच्छ दिसतात. म्हणून माणसाला वाटतं की "तो चॅनलच खराब आहे". जुन्या काळी सिग्नल कमी झाला की चित्रावर मुंग्या यायच्या, पण बघता यायचं. डिजिटलमध्ये एका मर्यादेपर्यंत चित्र स्वच्छ आणि तिच्याखाली गेलं की एकदम बोंब.

बॉक्सच्या मेनूत सिग्नलची पट्टी असते, ताकद आणि गुणवत्ता अशा दोन. फुटणाऱ्या चॅनलवर असताना ती बघा. मग तार खांबापासून बॉक्सपर्यंत नजरेने तपासा. सांगलीसारख्या ठिकाणी माझा अनुभव असा की निम्म्या वेळा दोष पुढच्यापैकी एक असतो: खिडकीच्या चौकटीत चेपलेली तार, मधेच सोलून, पिळून, वर चिकटपट्टी मारलेला जोड, किंवा पूर्वी दोन खोल्यांत टीव्ही होता तेव्हाचा स्प्लिटर तसाच लटकलेला. दोन वाटांचा स्प्लिटर सिग्नल अर्ध्याहून कमी करून पुढे देतो, दुसऱ्या तोंडाला काही जोडलेलं नसलं तरी. चार वाटांचा असेल तर पाव. नको असेल तर काढून टाका आणि तिथे नीट जोडणी लावा, स्क्रूची, पितळी तोंडाची. पन्नास रुपयांच्या आत काम.

एक करू नका. टीव्हीचं मागचं झाकण उघडू नका. चॅनलचा दोष तिथे नसतोच आणि पिक्चर ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो, बंद केल्यावरही काही वेळ राहतो. वायर तपासणं वेगळं, हे वेगळं.

कोकणकन्या_एक्स्प्रेस

धागा वाचून माझाही प्रश्न. आमच्याकडे केबल कंपनीने जुना बॉक्स बदलून नवा दिला, त्याला फक्त चपटी एचडीएमआयची खाच आहे. टीव्हीला पिवळी-पांढरी-लाल. दुकानदाराने एक छोटी डबी दिली, लावली तर पडद्यावर काहीच नाही.

सोल्डरगन

डबीवर काय छापलंय वाचा. "एचडीएमआय टू एव्ही" हवी (एव्ही म्हणजे तुमची पिवळी-पांढरी-लाल). "एव्ही टू एचडीएमआय" ही उलट्या कामाची, दिसायला हुबेहूब तशीच. दुकानदारही गल्लत करतात.

बरोबर असेल तर: तिला वेगळी वीज लागते, मोबाइलच्या चार्जरने द्या. बाजूला बारीक कळ असते, पाल आणि एनटीएससी, रंगीत चित्राच्या दोन पद्धती; आपल्याकडची पाल. ती पालकडे करा. चुकीच्या बाजूला असली तर चित्र काळंपांढरं येतं किंवा खालून वर सरकत राहतं. आणि टीव्ही एव्हीवर घ्या, शून्य नंबर किंवा एव्हीचं बटण.

तुमच्या टीव्हीला पिवळी खाच नसती, फक्त अँटेनाचं भोक असतं, तर वर आणखी एक मॉड्युलेटर लागला असता. तो चित्र परत एका चॅनलवर चढवतो, टीव्ही त्या चॅनलवर लावून ठेवायचा. चित्र थोडं मऊ येतं, पण येतं.

कोकणकन्या_एक्स्प्रेस

"एव्ही टू एचडीएमआय" आहे!!! उद्या दुकानात.

डोंगरवाट

आमच्या वाडीत केबल पोचलेलीच नाही. बापूंसाठी फ्री डिश लावली. जुन्याच टीव्हीला एव्हीने जोडली आहे, महिन्याचं बिल शून्य. शहरातल्या लोकांनाही सांगतो, केबलबरोबर हीसुद्धा ठेवता येते. टीव्हीला एव्हीच्या दोन जागा असतील तर एकीत केबल, दुसरीत डिश.

माजी_केबलवाला

आमच्या पोटावर पाय आणणारे तुम्हीच का :)

पण बरोबर आहे. दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिथले खासगी चॅनल लिलावातून येतात, त्यामुळे आज असलेला पुढल्या वर्षी असेलच असं नाही, आणि मोठ्या पैशाच्या वाहिन्या तिथे मिळत नाहीत. दुसरं, तिथेही एमपेग-२ चा जुना बॉक्स असेल तर चॅनल कमी दिसतात, एमपेग-४ चा घेतला तर जास्त. टीव्ही तोच!

डोंगरवाट

बॉक्स एमपेग-४ चाच आहे. सह्याद्री आलं की बापू खूश, बाकीचे आम्ही बघतो.

दूरदेशी

न्यू जर्सीहून. इकडेही हेच नाटक झालं होतं. १२ जून २००९ ला हवेतलं जुनं प्रक्षेपण बंद झालं, तेव्हा सरकारने घरटी दोनपर्यंत चाळीस-चाळीस डॉलरची कुपनं दिली, कन्व्हर्टर डब्यासाठी. तो डबा टीव्हीच्या ३ किंवा ४ नंबरवर बघायचा. केबलवाल्यांनी मात्र नंतर साधे चॅनलही कुलूपबंद केले, म्हणजे नव्या टीव्हीलाही डबा लागू लागला. नवीन टीव्ही घेऊन फसलेले बरेच देशी होते, आम्हाला आमच्या जुन्या संचाचं फार बरं वाटलं.

रिकामटेकडा

ते सगळे चॅनल फुकट उघडून देणारे बॉक्स मिळतात म्हणे, त्यांचं काय?

माजी_केबलवाला

चोरीचा माल. महिना-दोन महिने चालतो, मग कंपनी कुलूप बदलते आणि डबा खेळणं होतो. तक्रार कुणाकडे करणार? पुढे जाऊ या.

अबोली_सांगली

अपडेट देते. या आठवड्यात भाऊ सांगलीला गेला होता, त्याने सगळं केलं.

माळ्यावर चार वाटांचा स्प्लिटर सापडला, आजोबा होते तेव्हाचा. काढला. फुटणारे सगळे चॅनल नीट झाले, पट्टी हिरवी. काका म्हणाले तसं ते सगळे खरंच एकाच गठ्ठ्यातले होते, सगळे एकदम सुधारले.

पॅक बदलला. फुकट चॅनल भरून घेतले, वर मराठी गठ्ठा आणि एक क्रीडा चॅनल. बिल थोडंसं वाढलं, पण शेजारच्या काकूंपेक्षा कमीच आहे आणि आईला त्याचा जास्त आनंद झालाय. केबलवाला पोरगा आधी "नाही होत" म्हणाला. भावाने व्हीसी नंबर वाचून दाखवत ग्राहकसेवेला फोन लावला, तेव्हा म्हणाला द्या इकडे, मी करतो.

काळा पडदा दाखवणारे एचडीच निघाले. त्यांचेच साधे चॅनल वेगळ्या नंबरवर आहेत, त्यामुळे बॉक्स बदलला नाही.

आता एकच. क्रिकेट लावलं की धावफलकाच्या दोन्ही कडा कापल्या जातात. डावीकडचे आकडे अर्धेच दिसतात. टीव्हीचा दोष?

सोल्डरगन

नाही. तुमचा पडदा चारास तीनच्या मापाचा, आणि सामना येतो सोळास नऊच्या मापात. बॉक्स चित्र भरायला कडा कापतोय. बॉक्सच्या मेनूत जा, "डिस्प्ले" किंवा "टीव्ही सेटिंग". तिथे टीव्हीचं माप ४:३ ठेवा आणि त्याच्या खाली "लेटरबॉक्स" निवडा. "पॅन स्कॅन" असेल तर तेच कापतंय. वर-खाली काळ्या पट्ट्या येतील, पण धावा पूर्ण दिसतील.

अबोली_सांगली

आईला वर-खाली काळं आवडत नाहीये :) म्हणते चित्र बारीक झालं.

सोल्डरगन

मग मालिकांना कापलेलं ठेवा, सामन्याला लेटरबॉक्स. काही बॉक्सच्या रिमोटवर त्यासाठी वेगळं बटण असतं, झूम किंवा चौकोनाचं चित्र असलेलं. आईंना ते दाखवून ठेवा.

कोकणकन्या_एक्स्प्रेस

डबी बदलली, चित्र आलं, रंगीतसुद्धा! पण टीव्हीला पांढरी खाच आहे, लाल नाहीच. गाणी ऐकू येतात, संवाद दबके.

सोल्डरगन

टीव्ही एकाच स्पीकरचा आहे आणि तुम्हाला स्टीरिओचा अर्धाच आवाज मिळतोय. बॉक्सच्या मेनूत ऑडिओ "मोनो" करा. नसेल तर बाजारात लाल-पांढरी एकत्र करून एक पिन देणारी वायर मिळते, "वाय" वायर म्हणा. तिची एक पिन पांढऱ्या खाचेत.

कोकणकन्या_एक्स्प्रेस

मेनूत मोनो सापडलं. झालं काम.